मामांचा पट्टा आणि दोंडाईच्याची जाळी

माझे मामा धुळ्याच्या बाजारात तीस वर्षे हमाली करत होते आणि त्यातली शेवटची सहा वर्षे त्यांनी जांघेवर हर्नियाचा पट्टा बांधून काढली. सकाळी नसलेली गाठ दुपारपर्यंत लिंबाएवढी होई, आडवे होऊन हलक्या हाताने दाबली की आत जाई, आणि ती आत जाते आहे तोवर घाबरण्याचे कारण नाही अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. खरी भीती खर्चाची आणि बुडणाऱ्या मजुरीची होती.

अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, पट्ट्याने किंवा गोळ्यांनी भरून येत नाही, कारण मुळात पोटाच्या भिंतीतच जांघेजवळ एक कमकुवत जागा असते आणि तिथून चरबी किंवा आतड्याचा भाग बाहेर डोकावतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत शल्यचिकित्सक बासिनी यांनी ही भिंत शिवून काढण्याची पद्धत रूढ केली आणि सुमारे शंभर वर्षे तीच चालली. परंतु दूरचे स्नायू ओढून एकत्र शिवल्यामुळे टाक्यांवर ताण येई आणि काहींचा हर्निया परत उलटे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला शल्यचिकित्सक लिक्टेनस्टाइन यांनी 1980 च्या दशकात ओढाताण न करता त्या जागेवर जाळी बसवण्याची पद्धत प्रस्थापित केली. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मामा लगेच म्हणाले, “फाटलेल्या पोत्याच्या कडा ओढून शिवल्या की सुतळीच्या भोकापासूनच पुन्हा फाटतं, ठिगळ लावलं तर टिकतं.” इतके नेमके स्पष्टीकरण मी त्यानंतर कुठेही वाचलेले नाही.

डॉक्टरांनी नमुन्याची जाळी आमच्या हातात दिली. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या बारीक धाग्यांनी विणलेली, तळहातापेक्षा थोडी लांब, उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसावी अशी. त्या छिद्रांतून काही आठवड्यांत शरीराचे तंतू वाढतात आणि जाळी भिंतीचाच भाग होते.

ही जाळी महाग असू नये यासाठी आमच्याच जिल्ह्यात, दोंडाईच्याला, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि 2003 मध्ये अन्य शल्यचिकित्सकांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत (2016) एका वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया उलटला, तर बाजारातील महाग जाळीच्या गटात कोणाचाही नाही. किमतीत मात्र सुमारे एक डॉलर आणि सव्वाशे डॉलर असा फरक होता. मला या कामाचा मनापासून अभिमान वाटतो. अर्थात कापडाची निवड आणि निर्जंतुकीकरण हे रुग्णालयाचे काम आहे, ते कोणी घरगुती उपाय म्हणून समजू नये.

जाळीने सारे प्रश्न सुटतात असेही नाही. जांघेतून तीन लहान नसा जातात. त्या दुखावल्या किंवा जाळीत अडकल्या तर काही रुग्णांना महिनोन्‌महिने दुखत राहते, म्हणून नसा ओळखून जपणारा हात मला शस्त्रक्रिया दुर्बिणीने करावी की उघडा छेद घेऊन या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जाळीशिवाय, स्नायूवरील पापुद्र्याची पट्टी वापरून दुरुस्ती करण्याची पद्धत पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी मांडली आहे, तीही डॉक्टरांना विचारून पाहावी. मात्र गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे त्या फटीत आवळले जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

मामांना शस्त्रक्रियेसाठी पाठीतून भूल दिली होती. दुसऱ्या दिवशी ते चालत घरी आले आणि हमाली सोडून आता वजनकाट्यावर नोंदी घेतात. सहा वर्षांच्या पट्ट्याने कमरेवर उठलेला काळपट वळ अजून पुरता गेलेला नाही.