आगळाच्या बाटलीमागचा हिशोब

कुडाळला माझं कोकणमेव्याचं दुकान आहे. फळीवर आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. एक व्यापाऱ्याची, दुसरी जवळच्या गावातल्या बचत गटाची. दुसरी थोडी महाग. गिऱ्हाईक ती हातात घेतं आणि विचारतं, "बचत गटाचं ना? मग स्वस्त हवं!"

मला याचा राग येत नाही, काळजी वाटते. बचत गट म्हटलं की लोकांना सरकारी मदत आठवते, नाहीतर प्रदर्शनातला स्टॉल, जिथे बायकांना बरं वाटावं म्हणून एखादं पाकीट घ्यायचं. हा एक उद्योग आहे, त्याला खरेदी, मजुरी, वाहतूक, तोटा सगळं आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

या गटाचं काम मी जवळून बघतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस लागायच्या आत सगळं आटपावं लागतं. फळं फोडायची, बिया नि गर वेगळा करायचा. साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, आमसूल काळंभोर होईपर्यंत. खारवलेला रस म्हणजे आगळ. बियासुद्धा टाकत नाहीत, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, काढतात. सगळं हातानं. वळवाचा एक पाऊस आला की वाळत घातलेली सोलं उचलायला अख्खी वाडी धावते.

ज्यांच्या परड्यातले रातांबे पूर्वी झाडाखालीच कुजायचे, त्यांना गट त्याच दिवशी रोख पैसे देतो. हंगाम संपला की उरलेल्या पैशातून आधी पुढच्या वर्षाची खरेदी बाजूला काढतात, मग राबलेल्या बायकांत वाटणी. बाटलीमागचे चार पैसे जास्त जातात ते इथे. सामाजिक उद्योग म्हणतात तो हाच: धंदा चोख करायचा आणि नफा कुठे जाणार ते आधी ठरवून ठेवायचं.

हे कोकणात नवं नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. कांदळवन टिकलं तरच त्यांचा व्यवसाय टिकणार, त्यामुळे ते राखण्याची निकड त्यांच्या घरखर्चातच आहे. मला ही रचना फार आवडते. मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक दिवस वेंगुर्ल्यासाठी ठेवायला सांगतो. भरती-ओहोटी बघून फेरी ठरते, तेव्हा आधी फोन करावा.

आणि लिज्जत पापड! १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. आजही तो लाटणाऱ्या बहिणींच्याच मालकीचा आहे. दुकानात हे सांगितलं की माणसं चकित होतात. पापड घराघरात पोचला, त्यामागची व्यवस्था नाही पोचली.

समाजासाठी काम करणाऱ्या संस्थांना पैसे उभे करता यावेत म्हणून सेबीने २०२२ मध्ये सामाजिक शेअर बाजाराचे नियम केले, ते चांगलंच झालं. पण वाडीवरच्या गटाला त्याआधी हवं आहे ते रोजचं जाणतं गिऱ्हाईक. गटातल्या एक काकी मला म्हणाल्या होत्या, "आमका दया नको रे, गिराइक होया." त्या दिवसापासून मी गटाचा माल विकताना "बिचाऱ्या बायका" हा सूर पूर्ण सोडला. आधी चव देतो, मग हिशोब सांगतो. चव पटली नाही तर घेऊ नका, असंही सांगतो.

गटांना माझी एकच विनंती आहे. लेबलवर देवाचा फोटो आणि "शुद्ध, घरगुती" एवढंच छापू नका. माल कोणत्या गावचा, किती जणींनी केला, पैसे कुणाकडे जातात, एवढ्या दोन ओळी मराठीत लिहा. मे महिन्यात चाकरमानी येतील, तोवर माझ्या दुकानात प्रत्येक गटाच्या मालाखाली अशी पाटी लागलेली असेल. सिंधुदुर्गातला तुमचा गट असेल तर त्या दोन ओळी मला लिहून द्या, पाटी मी रंगवून घेतो.