चौथी अट

पाऊस सरला की सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत शिरायलाच वाट नसते. कमरेएवढं गवत, मधे काँग्रेस गवत, कडेने टणटणी, आणि त्यातून वर आलेले क्रूसांचे शेंडे. नोव्हेंबरचे पहिले आठ दिवस जवळ आले की घरोघरची माणसं विळे-खुरपी घेऊन येतात. म्हणून आधी कामाचं बोलतो, मग त्या आठ दिवसांचं.

काँग्रेस फुलावर यायच्या आत उपटायचं, फुलल्यावर उपटलं तर बी तिथंच सांडतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, नाहीतर पुरळ उठून आठवडाभर खाजवत बसावं लागतं. चुना लावणार असाल तर कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा, पण लोखंडी बादलीत, कारण तो उकळतो आणि प्लास्टिक वितळतं. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा कळीचा चुना. उलटं केलं की चुना उसळून डोळ्यात जातो. रात्रभर मुरल्यावर फडक्यातून गाळायचा आणि भिजवलेला डिंक घालायचा, म्हणजे हात लावल्यावर चुना हाताला येत नाही.

नव्या कबरीवर बांधकामाची घाई करू नका. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तर नकोच. खड्ड्यात भरलेली माती पहिल्या पावसात खाली बसते, ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीन महिन्यांत फरशी बसवली तर वर्षात ती मधोमध तडकते आणि क्रूस कलतो. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. तोवर मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस पुरे.

आता मूळ गोष्ट. कॅथलिक ख्रिस्तसभेने ठरवलंय की १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत जो श्रद्धावंत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करतो, मग ती नुसती मनातल्या मनात का असेना, त्याला पूर्ण दंडमाफी मिळते. दंडमाफी म्हणजे क्षमा झालेल्या पापाचा मागे उरलेला दंड माफ होणं. फादर आणि जुनी मंडळी तिला इंडल्जन्स म्हणतात. ही दंडमाफी फक्त मृतांना अर्पण करता येते. २ तारखेला चर्चमध्ये जाऊन ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि श्रद्धेचा अंगीकार म्हटला तरी तेच फळ. वर्षाच्या इतर दिवशी दफनभूमीत केलेल्या प्रार्थनेला आंशिक दंडमाफी आहे.

दंड कसला, हा प्रश्न येतोच. मिरजेसारख्या गावात तर नक्की येतो, कारण तिथं ख्रिस्ती म्हणजे बहुतेक प्रोटेस्टंट, आणि शेजारची मावशी सरळ विचारते, ‘रक्ताने तारण झालं ना, मग आता मेलेल्यासाठी काय मागता?’ प्रश्न प्रामाणिक आहे. पापाची क्षमा ख्रिस्तामुळे होते, ती पूर्ण होते, तिच्यात आपण भर घालत नाही. पण पापाने मनाला जे वळण लावलं ते क्षमेबरोबर त्याच घडीला सरळ होतंच असं नाही. बारा वर्षं खोटं बोललेल्या माणसाला क्षमा मिळाली, तरी जीभ सवयीने तिकडेच वळते. ते वळण इथं प्रेमाने आणि प्रायश्चित्ताने सरळ होतं, राहिलं तर मरणानंतर. त्यालाच आपण शुद्धिस्थान म्हणतो.

ती काही दुसरी संधी नव्हे. निवाडा मरणाच्या क्षणी होतो आणि शुद्धिस्थानातला प्रत्येक आत्मा स्वर्गाच्याच वाटेवर असतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सेनापती यहूदा दोन हजार चांदीची नाणी यरुशलेमला पाठवतो, पडलेल्या सैनिकांसाठी पापबली अर्पण व्हावा म्हणून. मावशीच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये हे पुस्तक नाही, आपल्या ७३ मध्ये आहे. वादाची अर्धी मुळं इथंच आहेत, हे दोघांनी एकमेकांना शांतपणे दाखवावं.

सांगलीत शुद्धिस्थान समजवायला हळदीइतकं जवळचं काही नाही. शेतातून काढलेली हळद दिसायला काळपट, मातीने माखलेली, मुळ्यांनी भरलेली. ती शिजवतात, काडी सहज आत जाईपर्यंत. मग पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि शेवटी पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवतात. कांड्या एकमेकींवर आणि जाळीवर घासतात, साल आणि मुळ्या गळून खाली पडतात आणि पिवळा रंग उजळतो. तो रंग ड्रमने दिलेला नसतो, आतच होता. फरक एवढाच की हळदीला हे नको-हवं कळत नाही, आत्म्याला कळतं, आणि तो हे स्वतः मागतो. जिनोवाच्या संत कॅथरीनने (१४४७–१५१०) शुद्धिस्थानातल्या यातनेबरोबर तिथला आनंदही सांगितला, तो यासाठी. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या परिपत्रकात अलीकडच्या काही धर्मपंडितांचा विचार मांडला आहे, की ती आग म्हणजे स्वतः ख्रिस्तच. त्याची नजर जाळते आणि तीच बरं करते. मला ही मांडणी फार खोल वाटते. शिक्षा म्हणून देवाने दूर ठेवलंय असं तिथं काही नाही. प्रेम समोर येतं, आणि प्रेमात न बसणारं जे आपल्यात उरलंय ते त्यासमोर टिकत नाही.

पूर्ण दंडमाफीच्या अटी चार. पहिली प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे कन्फेशन. ते दफनभूमीत जायच्या साधारण २० दिवस आधी किंवा नंतर झालेलं चालतं. एका कन्फेशनवर अनेक दंडमाफ्या मिळतात, मात्र ते काम करताना आपण कृपावस्थेत, म्हणजे क्षमा न झालेलं गंभीर पाप नसलेल्या स्थितीत, असलं पाहिजे. दुसरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनियन. इथं मात्र प्रत्येक दंडमाफीला वेगळा. तिसरी पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, हीसुद्धा दर वेळी वेगळी. एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि एक ‘नमो मारिया’ पुरते. दिवसाला एकच पूर्ण दंडमाफी. चौथी अट पुढे सांगतो.

चुकतं ते दुसऱ्या अटीपाशी. आपल्याकडे कॅथलिक घरं थोडी आणि विखुरलेली, रोज मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, सगळ्यांना मिळत नाही. माणसं आठही दिवस कबरीवर जातात, ख्रिस्तप्रसाद मात्र एकाच रविवारी घेतात, आणि आठ दंडमाफ्या झाल्या असं धरून चालतात. तसं नसतं. पूर्ण एक, बाकी आंशिक. २०२६ साली १ आणि ८ नोव्हेंबर दोन्ही रविवारी येतात, तेव्हा लांबच्या गावच्यांनाही दोन सहज साधतील. पण ८ ला लक्ष्मीपूजन आहे आणि एसटीला उभं राहायला जागा नसेल, म्हणून कन्फेशन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच उरकून ठेवा.

दुसरी चूक त्याहून साधी. झेंडूचा हार घालायचा, मेणबत्ती लावायची, फोटो काढायचा आणि निघायचं. प्रार्थना राहूनच जाते. फुलं आणि मेणबत्ती प्रेमाची आहेत, राहू द्या, पण दंडमाफी प्रार्थनेला आहे. आणि जुन्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ असं छापलेलं दिसतं, ते शुद्धिस्थानातले दिवस नव्हेत. प्राचीन ख्रिस्तसभेत पापाबद्दल जेवढे दिवस प्रायश्चित्त करावं लागे, त्याच्याशी ताडून तो आकडा दिलेला असे. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये दिवस मोजण्याची ती पद्धतच काढून टाकली. तेव्हा ‘ही प्रार्थना म्हटली की एक हजार आत्मे सुटतात’ असले मेसेज पुढे ढकलू नका. ख्रिस्तसभा अशी बेरीज शिकवत नाही.

आता चौथी अट. कोणत्याही पापाची, लहानशा पापाचीही, ओढ मनात नसावी.

बरेच जण इथंच हात टेकतात. ‘हे संतांचं काम, आपल्याला कुठलं जमायला?’ पण अट नीट वाचा. पाप पुन्हा कधी घडणार नाही असं ती म्हणत नाही. ज्याला राग येतो आणि आलेला राग ज्याला स्वतःलाच खुपतो, तो दुबळा आहे, त्याला ओढ आहेच असं नाही. ओढ म्हणजे मनात एक खोली कुलूप लावून ठेवणं, आणि देवाला म्हणणं की बाकीचं घर तुझं, इथं मात्र येऊ नकोस.

आपल्याकडे ती खोली कुठं असते हे सांगायला नको. बांध. वडिलांनी केलेली वाटणी. आजीच्या पाटल्या कुणाच्या सुनेकडे गेल्या. दोन भाऊ एकाच बापाच्या कबरीवर येतात, एक सकाळी सातला, दुसरा मुद्दाम अकरानंतर, समोरासमोर नको म्हणून. दोघंही बापासाठी तळमळून प्रार्थना करतात. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याने देवाला समोरासमोर पाहावं असं दोघांनाही वाटतं, पण त्याच देवाजवळ आपल्याशेजारी भाऊ बसलेला चालेल का, याचं उत्तर दोघांकडे नसतं. आणि स्वर्ग म्हणजे तरी काय? पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये स्पष्ट केलं की शुद्ध झालेले आत्मे शेवटच्या दिवसाची वाट न पाहता देवाला थेट पाहतात. तिथं सगळे त्याच्या प्रेमात एकमेकांचेही असतात. भाऊ नको आणि स्वर्ग हवा, हे एकत्र बसत नाही.

म्हणून कबरीवर जायच्या आदल्या रात्री पंधरा मिनिटं काढावीत. फोन बाजूला, क्रूसापुढे दिवा. स्वतःला विचारावं, कोण स्वर्गात दिसलं तर मला आवडणार नाही? देवाने माग म्हटलं तर कोणती गोष्ट मी देणार नाही? कोणतं खोटं मला इतकं सोयीचं झालंय की ते खोटं वाटतच नाही? ‘वाटेतच आहे, पोचतोय’ इतकं लहानही चालेल. नाव सापडलं की ते नाव घेऊन म्हणावं, प्रभू, हे मला आवडतं, पण तुला आवडत नाही, तर मला ते नको. भावना बदलली नाही तरी घाबरू नका. इथं प्रश्न इच्छेचा आहे, भावना मागून येते, कधी वर्षांनी येते.

एक खुलासा, कारण यात प्रामाणिक माणसं अडकतात. हक्काच्या जमिनीचा दावा कोर्टात चालू ठेवणं हे पाप नव्हे. न्याय मागायला मुभा आहे. भावाचं वाटोळं व्हावं असं वाटणं आणि ते वाटणं जपणं, हे पाप. तारखेला जा, पण कोर्टाच्या पायरीवर त्याला ‘दादा, पाणी घेणार का?’ विचारता येतं की नाही, ते बघा. चौथी अट कुठवर आली हे मोजायला एवढी खूण पुरते.

आणि नाहीच जमलं तर? दंडमाफी आंशिक होते, वाया जात नाही. पुढल्या दिवशी पुन्हा जायचं. मला वाटतं आठ दिवस दिलेत ते मोठ्या मायेने, पहिल्या दिवशी बसलेली गाठ आठव्या दिवसापर्यंत सैल होऊ शकते.

मिस्सा मागण्याबद्दल थोडं. फादर कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात, जिवंत असो की मृत. पणजोबा हिंदू होते, बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून कचरू नका. पितृपक्षात शेजारी विचारतात, ‘तुमच्यात पितरं घालतात का?’ तेव्हा मिस्साच सांगा. ज्यांनी जीव दिला त्यांच्यासाठीही मागा, कर्जापायी गळफास घेतलेल्यासाठीही. त्यांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असं ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. घरची माणसं नाव द्यायला लाजतात, आणि सगळ्यात जास्त गरज असलेलं नाव यादीत येतच नाही. पैसे नसले तरी मागा, धर्मगुरूंनी गरिबांसाठी दान न घेताही मिस्सा करावी असं धर्मनियमच सुचवतो.

एकाच आत्म्यासाठी सलग ३० दिवसांच्या ग्रेगोरियन मिस्सा हव्या असतील तर मात्र एकच फादर असलेल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) आग्रह धरू नका. रविवारची एक मिस्सा त्यांना धर्मग्रामातल्या लोकांसाठीच अर्पण करावी लागते, त्यामुळे साखळी तुटू शकते. जिथं अनेक धर्मगुरू राहतात अशा मठाकडे विनंती पोचवायला त्यांनाच सांगा. तीसही दिवस एकाच धर्मगुरूने करायला हवं असं नाही.

राहिली राख. दहन ख्रिस्तसभेला चालतं, फक्त पुनरुत्थानावरच्या श्रद्धेला नकार म्हणून नसावं. पण व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख विखरायची नाही, वाऱ्यात नाही, पाण्यात नाही. संगम माहुलीला किंवा हरिपूरला अस्थी सोडायची इथली रीत आहे, नातेवाईक मायेने आग्रह करतात, त्यांना दुखवू नये. सगळ्यांनी मिळून घाटावर जावं, प्रार्थना करावी आणि कलश परत आणावा. घरच्या जुन्या कबरीत तो पुरता येतो. त्यासाठी नवा खड्डा नको, डोक्याकडच्या बाजूला हात-दीड हात खोल माती काढली की पुरते. मातीचा कलश घ्यावा, प्लास्टिकचा नको. वर नाव कोरून घ्या आणि त्या नावाखाली आणखी दोन ओळींची जागा मोकळी ठेवा.