मेंदूची दुपार

ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलला दुपारच्या वेळी बसायला जागा मिळते, आणि जागा मिळाली की माणसे काय करतात हे पाहायलाही मिळते. परवा लेडीज डब्यातल्या झाडून सगळ्या बायका मोबाइलमध्ये डोके घालून बसल्या होत्या. अपवाद होता तो खिडकीजवळच्या एका वयस्कर बाईंचा. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता, जपमाळ नव्हती, निवडायला मेथीची जुडीसुद्धा नव्हती. रबाळे गेले, घणसोली गेले, तरी त्या पारसिकच्या डोंगराकडे पाहत होत्या आणि मधेच स्वतःशी हसल्या. स्वतःशी हसणाऱ्या माणसाला उभा महाराष्ट्र थट्टेने ‘ठाण्याला पाठवतो’, कारण इथले मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे आहे. आम्ही मूळचेच ठाणेकर असल्यामुळे आम्हाला आणखी कुठे पाठवावे, हा पेच आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना कायम पडत असे.

त्या बाई रिकाम्या बसल्या होत्या, असे मात्र मला म्हणवत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस राइकल आणि त्यांचे सहकारी मेंदूची छायाचित्रे घेत असत, तेव्हा दोन कामांच्या मधे माणसाला नुसते स्वस्थ पडून राहायला सांगितले जाई. अपेक्षा अशी की काम सुरू झाले की मेंदूचे अमुक भाग जागे होतील. तसे ते होतच. पण काही भाग नेमके काम सुरू होताच मंदावत आणि माणूस स्वस्थ पडला की पुन्हा सरसावत. कपाळामागे मध्यरेषेलगत, डोक्याच्या मागच्या बाजूला आत खोलवर आणि दोन्ही कानांच्या वरच्या अंगाला असलेल्या या भागांच्या विश्रांतीतल्या कारभाराला राइकल यांनी २००१ मध्ये ‘डिफॉल्ट मोड’ असे नाव दिले. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा तो खातो वीस टक्के. आणि एखादे अवघड गणित घातले तरी त्याचा एकूण खर्च वाढतो तो बहुधा पाच टक्क्यांहूनही कमी. घराला कुलूप लावून सगळे गावाला गेले तरी विजेचे बिल जवळपास तेवढेच यावे, तसा हा प्रकार आहे.

हे वाचले तेव्हा मला आमची आजी आठवली. नौपाड्यातल्या जुन्या घरात चातुर्मासातल्या दुपारी ती लाखवातीच्या संकल्पापायी वाती वळत बसे. कापसाचा पेळू, वाटीत राख, बोटांची एकसारखी हालचाल आणि नजर समोरच्या भिंतीवर. त्या भिंतीवर कॅलेंडराखेरीज काहीही नव्हते. तिला हाक मारली तर ऐकू जात नसे. मग अचानक ती, ‘पण नथ शेवटी तिच्याकडेच राहिली,’ असे एखादे वाक्य मोठ्याने बोले आणि आम्ही मुले पोट धरून हसत असू. कुठली नथ, कुणाकडे राहिली, हे विचारण्यात अर्थ नसे, कारण पुढचे वाक्य तिच्या मनातच पुरे झालेले असे. माहेर, बाळंतपणे, जावांची भांडणे आणि अजून न ठरलेली माझ्या आत्याची लग्ने हे सगळे ती त्या दुपारच्या दोन तासांत उलथेपालथे करी. मागचे आठवणे, पुढचे कल्पून पाहणे, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणे, या तिन्ही उद्योगांत मेंदूतल्या याच भागांचे जाळे गुंतलेले असते, असे आता सांगितले जाते. आजीने त्यांना कधी वेगळे मानलेच नव्हते.

या जाळ्याचे दुखणेही असते. नैराश्यात माणूस तेच तेच उगाळत बसतो, आणि त्या उगाळण्याचा संबंध याच भागांशी जोडला गेला आहे, जरी तिथले परस्परसंबंध वाढतात की घटतात याबद्दल निरनिराळ्या अभ्यासांचे एकमत नाही. अल्झायमरचे चित्र अधिक स्पष्ट आणि म्हणून अधिक क्रूर आहे: त्या आजारातली अमायलॉइड प्रथिनाची पुटे ज्या ठिकाणी लवकर साचतात, त्या जागा या जाळ्याशी बऱ्याच अंशी जुळतात, हे २००५ च्या सुमारास दिसून आले.

आजीला शेवटी तोच आजार झाला. बोटांचे कसब मेंदूत निराळ्या ठिकाणी राहते, त्यामुळे वाती ती बराच काळ वळत असे. मधली वाक्ये तेवढी थांबली.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-चार दिवसांनी ‘वर्तमानात जगा’ असा संदेश येतो, आणि त्याला कधीकधी शास्त्राचा आधारही जोडलेला असतो. आधार खोटा नाही. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये लोकांना दिवसभरात अवचित गाठून विचारले, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामावर नव्हते आणि अशा वेळी ती माणसे तुलनेने कमी सुखी होती. मुरलेल्या ध्यानसाधकांमध्ये या जाळ्याची खळबळ कमी आढळते, हेही खरे आहे. तरी तो संदेश पाहिला की माझे डोके फिरते. निव्वळ वर्तमानात जगणारे एक माणूस मी जवळून पाहिले आहे. तिला सकाळचा चहा घेतलेला आठवत नसे, आणि उद्या कोण येणार आहे असे विचारले तर ‘उद्या’ म्हणजे नेमके काय उभे करायचे हे तिला कळत नसे. भूतकाळाची खंत नाही, भविष्याची चिंता नाही, संदेशात लिहिलेले असते तसे अगदी तंतोतंत. हे ग्रुपवर लिहावे असे दर वेळी वाटते, पण पाठवणारे काका भले आहेत आणि त्यांच्या पत्नीला हल्ली नावे आठवत नाहीत, म्हणून मी हात जोडल्याचे चिन्ह तेवढे पाठवते.