टेन्शन घेता म्हणून डोकं दुखतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउजचं माप देता देता बायका हमखास म्हणतात, "वहिनी, लई टेन्शन घेता तुम्ही, म्हणूनच अर्धशिशी उठते न्हवं?" विचारण्यात माया असते. पण वर्षानुवर्षं तेच ऐकून मला वाटायला लागलं होतं, हे दुखणं मीच ओढवून घेतलंय.

घरातलंच सांगते. संध्याकाळी लेकीवर कारण नसताना खेकसायचं, रात्री उदास पडून राहायचं, आणि पहाटे डाव्या डोळ्यामागं ठणके सुरू. घरचे म्हणायचे, "भांडलीस, म्हणून दुखलं." मलाही ते पटायचं. पुढं मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, "आदल्या संध्याकाळी जांभया येतात का? मान आखडते का?" येत होत्या की! हातात टेप धरून जांभया द्यायचे मी. अर्धशिशीचा झटका डोकं दुखायच्या काही तास, कधी एक-दोन दिवस आधीच मेंदूत सुरू झालेला असतो. चिडचिड, उदासी ही त्याचीच पहिली चाहूल असू शकते. म्हणजे आम्ही ज्याला कारण समजत होतो, तो आजारच होता. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले.

टेन्शनचा संबंध नाही असं मात्र नाही. ताणानं झटका येतो, कधी तर ताण सरल्यावर येतो. लग्नसराईतलं शेवटचं ब्लाउज गेलं की मी आडवी. शिवाय मायग्रेन, म्हणजे हीच अर्धशिशी, असणाऱ्यांत डिप्रेशन आणि एंग्झायटी इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि डिप्रेशन असलेल्याला मायग्रेन जडायची शक्यताही वाढते. एकानं दुसऱ्याला बळ द्यावं, असं चालतं ते.

डोकं दुखत नसायचं त्या दिवसांबद्दल कुणी विचारत नाही. माझे खरे हाल त्या दिवसांत झाले. विसर्जनाला महाद्वार रोडवर डॉल्बी असणार, म्हणून आठ दिवस आधीपासून धास्ती. नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते बघायला जावं, तर मावळतीचं ऊन डोळ्यांवर येईल ही भीती. गिऱ्हाईक म्हणालं, "अमुक तारखेला पायजे," की छातीत धडधड. शेवटी तारखेच्या ऑर्डरी घेणंच सोडलं. दुखेल या भीतीनं दुखायच्या आधीच गोळी घ्यायची. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस घेत राहिलं, तर त्याच डोकेदुखी वाढवतात, हे कुठं माहीत होतं? नंतर ऑर्डरच्या वहीत फुल्या मारून मोजलं, तेव्हा एका महिन्यात 17 दिवस डोकं दुखलेलं निघालं.

त्या काळात सकाळी जाग येऊच नये असं वाटायचं. हे मी कुणालाच सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. डोक्याचं दुखणं त्यांचं, मनाचं आपलं, अशी माझी समजूत. ती चुकीची होती, आणि म्हणूनच कळकळीनं सांगते: दोन्ही एकाच वेळी सांगा. झटके टाळायला फ्लुनारिझिन नावाची गोळी देतात, ती काहींच्या मनावर मळभ आणते. आधी डिप्रेशन झालेल्यांना ती देत नाहीत. तुम्ही सांगितलंच नाही, तर डॉक्टरांना कळणार कसं?

मला नंतर अमिट्रिप्टिलीन दिली. "ही तर वेड्याची गोळी," असं घरात कुणीतरी म्हणालं. मूळची ती डिप्रेशनचीच, पण कमी डोसात मायग्रेन टाळायला चालते. त्या कमी डोसानं डिप्रेशन हटेल असं धरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथं भीतीवर वेगळं काम झालं. आधी एकच ऑर्डर तारखेवर घ्यायची, मग दोन. तुम्हाला कधी जगणंच नको वाटलं, तर दवाखान्याच्या वेळेची वाट बघू नका. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

झटके अजून येतात. परवा मी काज करत बसले होते, दोनदा जांभई आली. लेक अभ्यासावरून उठली, मशीनवरची ट्यूब घालवली आणि पाण्याचा तांब्या माझ्या शेजारी ठेवून परत पुस्तकात डोकं घालून बसली.