आमची वाटचाल: पाटीवरचा ‘फुकट’ आम्ही का पुसला

8 एप्रिल 2014 ला विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट थांबले आणि साताऱ्यातल्या आमच्या दुकानाला वाटलं, आता आपले दिवस आले. पतसंस्था, शाळा, वकिलांची ऑफिसं, सगळीकडे 1 जीबी रॅमची जुनी मशीनं. आम्ही पाटी लावली: ‘फुकट सॉफ्टवेअर बसवून मिळेल’. या पाटीनेच आमचा घात केला.

एका पतसंस्थेची 12 मशीनं शनिवारी रात्रीतून लुबुंटू (विंडोजच्या जागी चालणारं हलकं, मोफत लिनक्स) आणि लिब्रेऑफिसवर (मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा मोफत पर्याय) नेली. सोमवारी थकबाकीच्या नोटिसा उघडल्या, तर मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या कोडवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट मशीनवर नसला की खालचा रोमन उघडा पडतो. वर त्यांच्या लेझर प्रिंटरला ना पीसीएल कळे, ना पोस्टस्क्रिप्ट, या प्रिंटरच्या नेहमीच्या दोन भाषा. त्याचं सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर चालायचं. दुपारपर्यंत एक कागद निघाला नाही. चूक आमचीच होती.

पण संध्याकाळी बाजारपेठेतला प्रतिस्पर्धी तिथे पोचला. विंडोज-ऑफिसच्या विनापरवाना कॉप्या टाकून दिल्या आणि गावभर सांगत सुटला, “फुकटच्या मालाचे हे पैसे घेतात.” महिन्यात पाच गिऱ्हाईकं गेली. त्याच्याकडे परवान्याचं बिल मात्र कुणीच मागितलं नाही, हे आजही सलतं. लिनक्स ज्याखाली मिळतं त्या जीपीएल परवान्यात पैसे घ्यायला मनाई नाही, पण पाटीवर ‘फुकट’ लिहून बसल्यावर हे कुणाला सांगणार?

टिकल्या त्या एका शाळेच्या क्लार्कबाई. त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले युनिकोडमध्ये (देवनागरी अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत) आणताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडायची, म्हणून प्रत्येक नाव रजिस्टरशी ताडून पाहिलं. लिब्रेऑफिसमध्ये रोमन आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा ठरतो. कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून तिथे नोटो सान्स देवनागरी हा युनिकोड फॉन्ट लावला, तेव्हा ओळी जागेवर आल्या. बाई इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड शिकल्या आणि पुढच्या तीन शाळा त्यांच्याच शब्दावर मिळाल्या.

तेव्हापासून आम्ही बोलण्याआधी पेनड्राइव्ह लावतो. गिऱ्हाइकाच्याच मशीनवर लाइव्ह लिनक्स, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारं, हार्डडिस्कला हात न लावता. त्यांच्याच दहा फाइली उघडायच्या, त्यांच्याच प्रिंटरवर छापायच्या. कॅलिब्री या मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टमधल्या मजकुराची पानं सरकली तर कार्लिटो हा मोफत फॉन्ट टाकायचा. त्याच्या अक्षरांची रुंदी तीच आहे. एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) असतील तर तिथेच थांबायचं आणि ते मशीन विंडोजवरच ठेवायचं, परवान्यासकट. हिशेबाचं आणि डिजिटल सिग्नेचरचं मशीनही तसंच. आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस बसवा, हात बसला की लिनक्सचं बोला.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांनो, एकदम 12 मशीनं घेऊ नका. एक घ्या, महिनाभर चालवा, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. बिलात ओळी वेगळ्या पाडा: सॉफ्टवेअर 0 रुपये, बसवणं, फाइल रूपांतर, शिकवणं, वर्षाची देखभाल, ज्याचे त्याचे पैसे समोर लिहून.

त्या दहा फाइलींत एक आमचीही असते, क्लार्कबाईंच्या दाखल्याचा कोरा नमुना. त्यातली चौकट आणि रफार नीट छापून आले की मगच आम्ही दर सांगतो.