पॅनल अडकलेलं नसतं, एक स्क्रू राहिलेला असतो

स्कूटरचं साईड पॅनल ओढताना 'कट' असा आवाज येतो आणि आतला हुक तुटून इंजिनवर पडतो. यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एखादा स्क्रू दिसला नाही, किंवा जे पॅनल मागे सरकवायचं ते बाहेर ओढलं. स्कूटरचं पॅनल कधी 'जाम' होत नाही. जोर लावावासा वाटला की हात काढून घ्यायचा आणि टॉर्च घेऊन पुन्हा कडेकडेने शोधायचं.

लपलेले स्क्रू ठरलेल्या जागीच असतात. फुटमॅटखाली, पिशवीच्या हुकमागे, डिकीच्या तळाशी, मागच्या फुटरेस्टच्या आड, टेललाइटच्या खाली आणि पुढच्या चाकाच्या कमानीत आतल्या बाजूने. शेवटच्या ठिकाणी चिखल साचून स्क्रूचं डोकं पूर्ण बुजलेलं असतं, म्हणून गाडी आधी धुवून घ्या. वाळू असलेल्या खाचेत पाना नीट बसत नाही, आणि पॅनल सरकवताना तीच वाळू रंगावर ओरखडे काढते.

उघडायचा क्रम कौलांसारखा आहे. जे सर्वांत शेवटी वर बसलं ते आधी निघतं. बहुतेक स्कूटरना आधी सीट आणि डिकीचा डबा, मग मागचा हँडल, मग शेपटीकडचा मधला तुकडा, त्यानंतर दोन्ही साईड पॅनल, फुटबोर्ड आणि शेवटी पुढचा भाग असा क्रम चालतो. फक्त फुटबोर्ड काढायचा असला तरी त्याची मागची कड साईड पॅनलखाली दबलेली असते, तेव्हा पाच मिनिटांचं काम तासाचं होतं हे गृहीत धरा. मॉडेलप्रमाणे फरक पडतो. सर्व्हिस मॅन्युअलमधली पॅनलची पानं मिळाली तर त्यातले बाण आधी पाहा, कारण ते बाण सरकवायची दिशा दाखवतात.

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १० आणि १२ मिमीचे टी-पाने, २ नंबरचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक बारीक चपटा ड्रायव्हर, प्लॅस्टिकची पट्टी आणि मास्किंग टेप. स्टार स्क्रूच्या डोक्यावर बारीक टिंब असेल तर तो जपानी मापाचा. साधा ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. त्या मापाचं टोक वेगळं मिळतं, ते घ्याच. पॉवर ड्रायव्हर मात्र या कामात आणू नका. काढताना एक वेळ चालेल, बसवताना तो प्लॅस्टिकमधले आटे एका सेकंदात मारतो.

स्क्रू डब्यात एकत्र टाकायचे नाहीत. पुठ्ठ्यावर पॅनलचा आकार काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. हे चोखंदळपणासाठी नाही. एकाच जाडीचे पण १२, १६ आणि २० मिमी लांबीचे स्क्रू एकाच पॅनलला असू शकतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की बाहेरच्या रंगावर आतून फोड उठतो, किंवा मागची वायर टोचली जाते.

काम सुरू करताना गाडी मेन स्टँडवर, किल्ली बंद, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. डिकीचा डबा उचलला की खाली इंजिन उघडं पडतं. तिथे लगेच एक मोठं फडकं पसरा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनच्या पंख्याच्या जाळीत छोटा स्क्रू गेला तर तो काढायला पंख्याचं कव्हर उघडावं लागतं, आणि न काढता गाडी चालू केली तर पंख्याची पाती जातात. पेट्रोलचं झाकण काढल्याशिवाय मधला तुकडा निघत नसेल, तर तो काढल्याबरोबर झाकण परत लावा.

आता क्लिप. बहुतेक नासधूस इथेच होते, कारण दिसायला सारख्या क्लिप वेगवेगळ्या पद्धतीने सुटतात. एका प्रकारात मधली पिन डोक्याशी सपाट असते. ती बारीक टोकाने दोनेक मिमी आत दाबायची, 'टक' झालं की पूर्ण क्लिप बाहेर येते. जास्त दाबली तर पिन आत पडते. दुसऱ्या प्रकारात पिनच्या डोक्याखाली खाच असते, तिथे चपटा ड्रायव्हर घालून पिन वर उचलायची. तिसऱ्यात पिनला स्टारची खाच असते आणि ती फिरवून वर येते. बसवताना पहिल्या प्रकाराची गंमत आहे. क्लिप आहे तशी भोकात ढकलली तर पाय मोडतात. आधी पिन मागून ढकलून डोक्याच्या वर काढा, पाय मिटले की क्लिप भोकात घाला, आणि मग पिन दाबून सपाट करा.

हुक सोडवताना कडेला मास्किंग टेप लावा आणि हाताचा तळवा हुकाच्या शक्य तितका जवळ ठेवा. लांबच्या टोकाला धरून ओढलं की सगळा ताण पहिल्याच हुकावर येतो. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ असतं. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने कड कोमट करा. रबरात बसणाऱ्या खुंट्या मात्र सरळच ओढायच्या, तिरक्या नाही. पॅनल सुटलं तरी लगेच लांब नेऊ नका, मागे इंडिकेटरची वायर असते. कपलरचं (वायर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचं) लॉक दाबून कपलरच धरून ओढा, वायर नाही.

पॅनल उलटं केलं की आत '>एबीएस<' किंवा '>पीपी<' अशा अर्थाची, प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी खूण कोरलेली दिसते. रंगवलेले भाग बहुधा एबीएसचे आणि काळे, न रंगवलेले भाग बहुधा पीपीचे. दुरुस्ती करायची असेल तर ही खूण पाहिल्याशिवाय हात लावू नका. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्याच प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवून झालेली दाट पेस्ट तुटलेल्या हुकाला आतून लावली की जोड एकजीव होतो, फक्त पूर्ण दिवस सुकू द्यावा लागतो. बाहेरच्या रंगावर थेंब पडला तर रंग गेला, आणि ॲसिटोन पेट घेतं, त्यामुळे मोकळ्या हवेत काम करा. पीपीवर हे चालत नाही, साधा इन्स्टंट ग्लूही टिकत नाही. तिथे पीपीच्याच कांडीने वेल्डिंग किंवा गरम करून रुतवलेली तारेची पिन. तडा गेला असेल तर त्याच्या टोकाला २ ते ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळत नाही.

बसवणं काढण्यापेक्षा अवघड, हे आमचं ठाम मत. काढताना फार तर हुक तुटतो, पण बसवताना केलेली चूक पुढे रोज खडखडते. सुरुवातीला स्पीड नट पाहा. पातळ पत्र्याचे हे नट कडेवर नुसते सरकवलेले असतात आणि पॅनल हलवताना गळतात किंवा भोकापासून बाजूला जातात. मग स्क्रू नुसता फिरत राहतो. बोल्टच्या भोकातली धातूची छोटी नळीही जागेवर हवी. बोल्टचा दाब ती झेलते. ती हरवली की बोल्ट सरळ प्लॅस्टिक चिरडतो आणि भोकाभोवती ताऱ्यासारखे तडे जातात.

आधी सगळे हुक खाचेत, मग सगळे स्क्रू दोन-तीन आटे, आणि कडा जुळल्यावरच मधून बाहेरच्या दिशेने घट्ट करणं. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर शेवटचं भोक जुळणार नाही. रबरात जाणाऱ्या खुंटीला साबणाचं पाणी लावा. ऑइल किंवा पेट्रोल नको, रबर फुगतं आणि एबीएसला पेट्रोल सोसत नाही. थ्रेड लॉकरही (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) प्लॅस्टिकजवळ आणू नका, त्याने ताणाखालच्या प्लॅस्टिकला तडे जातात.

प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा. हलका 'टप' जाणवतो, स्क्रू केसभर खाली बसतो. तिथे जुना आटा सुरू होतो. तिथूनच सरळ फिरवा, दोन बोटांत सहज जायला हवा. सुरुवातीलाच जड लागला तर तो नवा आटा कापतोय, म्हणजे मागे घ्या. डोकं टेकलं की पाव फेरा, बस. फ्रेममध्ये जाणाऱ्या ६ मिमीच्या बोल्टला, नळी जागेवर असेल तर, साधारण १० न्यूटन मीटर टॉर्क (आवळायचा जोर) चालतो.

सगळं बसवण्याआधी बॅटरी जोडून इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि सीटचं लॉक तपासा. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. इंजिन चालू ठेवून वळवताना आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल पुढच्या पॅनलमागे दबली आहे. गाडी चालवताना एखादी कड खडखडली तर तिथला रबर गेलेला असतो किंवा हुक खाचेबाहेर राहिलेला असतो. हाताने दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. दोन पॅनल एकमेकांवर घासून किरकिरत असतील तर कडेला आतून पातळ फेल्ट टेप लावली की पुरते.

पुठ्ठ्यावर स्क्रू उरला असेल तर त्याची जागा तिथेच काढलेली आहे. पॅनल परत उघडा. तो बहुतेक आतल्याच पॅनलचा असतो.