चित्रपटात येण्याआधी हातात एक काम हवे

चित्रपटात काम करायचे आहे, पण अनुभव नाही आणि ओळखही नाही, मग सुरुवात कशी करायची, असे विचारणारे तरुण मला सतत भेटतात. कोणी लातूरहून आलेला असतो, कोणी चिपळूणहून, कोणी पुण्यात नोकरी करता करता रात्री पटकथा लिहीत असते. मी दिग्दर्शन विभागात सहायक म्हणून काम करते. या प्रश्नाचे उत्तर चहा पिता पिता देण्याइतके छोटे नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. अनुभव नसणे ही या क्षेत्रातली अडचण आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे कोणतेच एक काम नीट येत नसणे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे ज्यांनी चित्रपट सुरू केला, त्यांच्याकडे तरी कुठे अनुभव होता? दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते, गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली होती, छपाईच्या धंद्यात उमेदीची वर्षे घातली होती आणि जादूचे प्रयोगही ते करत असत. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन चित्रीकरणाची प्रत्यक्ष माहिती घेऊन आले. परतल्यावर त्यांनी एक लहानसा चित्रपट तयार केला, ज्यात रोप उगवून वाढताना दिसते. रोज थोडे थोडे चित्रण करून वाढीचे अनेक दिवस काही क्षणांत दाखवण्याची ही करामत पाहिल्यावर पैसे लावणाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला, त्याच्या मागे हे रोप आहे. मला या हकिकतीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण फाळके भांडवलदारांकडे गेले तेव्हा त्यांनी नुसती कल्पना ऐकवली नाही, पूर्ण झालेली एक गोष्ट दाखवली. त्याच चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, आणि ते त्याआधी एका उपाहारगृहात आचारी होते. घरी सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडण्यापासून रसायनांपर्यंतची कामे शिकल्या आणि मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत राहिल्या. त्यांचे नाव आपण पुरेसे घेत नाही, याची मला खंत आहे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. आनंदराव पेंटर यांच्या जोडीने त्यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला आणि आनंदरावांच्या अकाली निधनानंतर स्वतःचा कॅमेरा कोल्हापुरातच बनवून पूर्ण केला. पडदा रंगवणाऱ्या माणसाला दृश्यात खोली कशी दाखवायची, उजेड कुठून आला तर चेहरा कसा दिसेल, हे ठाऊक असते. ते ज्ञान त्यांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आणले. हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम केलेले व्ही. शांताराम याच कंपनीत आले आणि पडेल ते काम करत घडले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी दामले, फत्तेलाल प्रभृतींबरोबर प्रभात कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था उभी आहे. आज त्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही म्हणून खचून गेलेली मुले मी पाहते, तेव्हा त्यांना या जागेचा इतिहास सांगावासा वाटतो.

अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर नागराज मंजुळे यांचे घ्यावे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या या कवीने अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘सैराट’मधली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती. मात्र अशा निवडीची वाट पाहत बसणे हा मार्ग होऊ शकत नाही. दिग्दर्शकाला नेमका तसाच चेहरा, तशीच बोली हवी असते तेव्हाच ती निवड होते, आणि ते कोणाच्याही हातात नसते.

हातात काय असते, ते सेटवर आल्यावर कळते. तिथे शिवणकाम येणाऱ्याची वेशभूषा विभागाला गरज असते, चोख हिशेब ठेवणाऱ्याची निर्मिती विभागाला, वायरिंग जाणणाऱ्याची प्रकाश विभागाला. वाई किंवा कोल्हापूरच्या परिसरातले वाडे, घाट आणि परवानगी देणारी माणसे ज्याला तोंडपाठ आहेत, त्याला तर बाहेरून आलेले चित्रीकरणाचे युनिट शोधत येते. दिग्दर्शन विभागात नवख्याला बहुधा क्लॅप (चित्रणाच्या सुरुवातीला दृश्याचा क्रमांक लिहिलेली पाटी वाजवणे) किंवा कंटिन्युइटी (वेगवेगळ्या वेळी चित्रित झालेल्या दृश्यांतले तपशील जुळतात ना, हे पाहणे) मिळते, आणि शिकण्यासाठी कंटिन्युइटीसारखी दुसरी जागा नाही असे मी अनुभवाने सांगते. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. नायक वाड्याच्या दारातून आत शिरतो ते वाईला चित्रित होते आणि तो आत आल्यानंतरचे दृश्य महिन्याभराने गोरेगावच्या चित्रनगरीत. शिरताना त्याची डावी बाही दुमडलेली होती की उजवी, पिशवी कोणत्या खांद्यावर होती, कपाळावर घाम होता का, हे सारे लिहून ठेवावे लागते आणि प्रत्येक टेकनंतर, म्हणजे शॉट एकदा चित्रित झाला की, छायाचित्र घ्यावे लागते. नट कोणत्या शब्दावर उठून उभा राहिला याची नोंद चुकली, तर संकलकाला दोन शॉट जोडता येत नाहीत. हे काम मन लावून करणाऱ्याला पटकथा, अभिनय, कॅमेरा आणि संकलन यांचा परस्परसंबंध जितका उमगतो, तितका पुस्तके वाचून उमगत नाही.

अशा कामासाठी विचारणा करताना ‘मला दिग्दर्शक व्हायचे आहे’ असे लिहू नये. मुख्य सहायक दिग्दर्शकाला त्या आठवड्यात दोन माणसे कमी पडत असतात. मी कुठे राहतो, कधीपासून येऊ शकतो, मला टंकलेखन आणि तक्ते करणे जमते, आणि हा माझा पाच मिनिटांचा लघुपट, एवढे त्याला पुरते. दैनंदिन मालिकांना माणसे वर्षभर लागतात, त्यामुळे तिथे दार लवकर उघडते. एकांकिका स्पर्धांमध्ये रंगमंचामागे घालवलेली वर्षेही वाया जात नाहीत. मराठी सेटवर अर्धी मंडळी एकमेकांना तिथूनच ओळखतात.

पैशांविषयी स्पष्ट लिहायला हवे. मालिकांमध्ये कलाकारांचे मानधन कामानंतर तीन महिन्यांनी हाती येण्याची पद्धत रूढ आहे आणि नवख्या सहायकांनाही पुष्कळदा थांबावे लागते. ज्याचे घर मुंबईत आहे तो थांबू शकतो, अंधेरीत खाट भाड्याने घेतलेला मुलगा थांबू शकत नाही, आणि गुणी माणसे या एका कारणाने परत जातात. हा अन्याय आहे आणि तो नवख्याच्या कष्टांनी दूर होणारा नाही. म्हणून चालू नोकरी एकदम सोडू नये, आधी सुट्ट्यांमध्ये काम करून पाहावे. ऑडिशनसाठी, संघटनेचे सदस्यत्वाचे ‘कार्ड’ मिळवून देण्यासाठी किंवा भूमिका पक्की करण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथून उठून यावे, काम देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही. पटकथा कोणाला पाठवण्याआधी लेखक संघटनेकडे तिची नोंदणी करावी, कारण नुसत्या कल्पनेवर कायद्याने हक्क सांगता येत नाही, लिहिलेल्या मजकुरावर सांगता येतो.

पहिल्या कामाच्या वेळी तारखा, रक्कम आणि श्रेयनामावलीतले पद या तिन्ही गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्याव्यात. रकमेबाबत बहुतेक जण विचारतात, नावाबाबत विचारायला संकोचतात. पण पुढच्या युनिटमध्ये पहिला प्रश्न ‘आधी कुठे होतास?’ हाच असतो, आणि नामावलीत नाव नसेल तर केलेले काम सिद्ध करता येत नाही. त्यामुळे रकमेत थोडे कमी-जास्त झाले तरी चालेल, पण नावाचा शब्द मात्र चित्रीकरण सुरू होण्याआधीच घ्यावा.